टाका किती उंच बसला? गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका गर्भवतीचे प्रकरण

पूर्वेतिहास

सत्तरी तालुक्यातील २८ वर्षांची एक स्त्री तिसऱ्या गरोदरपणाच्या नवव्या आठवड्यात फोंड्याला आमच्याकडे तपासणीसाठी आली. आधीच्या दोन्ही खेपा तिने गमावल्या होत्या. पहिल्या खेपेस २१ व्या आठवड्यात गर्भपात झाला. दुसऱ्या खेपेस २४ व्या आठवड्यात बाळ जिवंत जन्मले आणि काही तासांतच गेले. गर्भाशयमुख, म्हणजे गर्भाशयाचे तोंड, अवेळी उघडू नये म्हणून त्याभोवती घालायच्या टाक्याचे हे प्रकरण तिच्या संमतीने लिहीत आहे आणि तिची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

पहिल्या भेटीतला बराचसा वेळ या दोन खेपांची हकिगत ऐकण्यात गेला, आणि तो तसा जायलाच हवा होता. गर्भाशयमुख कमकुवत आहे की नाही, हे दिवस गेलेले नसताना खात्रीने सांगेल अशी एकही चाचणी आज उपलब्ध नाही. निदानाचा मोठा आधार अजूनही रुग्णेच्या तोंडची हकिगतच आहे. तिने सांगितले, "डॉक्टर, कळा आल्याच नाहीत. दोन दिवस अंगावरून चिकट पाण्यासारखं जात होतं, ओटीपोटात जड वाटत होतं. मग खाली काहीतरी आल्यासारखं वाटलं म्हणून गेलो, तर म्हणाले, पिशवीचं तोंड उघडलंय." दुसऱ्या खेपेची हकिगत जवळजवळ शब्दशः हीच होती, फक्त तेव्हा पाणमोट योनीमार्गात उतरल्यानंतर कळा सुरू झाल्या होत्या.

या वर्णनात काय आहे याइतकेच काय नाही तेही महत्त्वाचे असते. आधी रक्तस्राव आणि मग कळा असा क्रम असता तर वारेकडे लक्ष गेले असते. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव आणि पोट दाबल्यावर दुखणे असते तर जंतुसंसर्गाचा संशय आला असता. गर्भ आधीच पोटात गेलेला असता तर शोधाची दिशाच वेगळी झाली असती. इथे दोन्ही वेळा गर्भ जिवंत होता, त्याची वाढ योग्य होती आणि गर्भाशयाचे तोंड कळांवाचून उघडले होते. अशा दोन घटना एकाच स्त्रीच्या बाबतीत घडल्या असतील तर गर्भाशयमुखाचा कमकुवतपणा हेच निदान गृहीत धरून पुढचे नियोजन करावे लागते.

जुन्या कागदपत्रांत दुसऱ्या गरोदरपणाचा २० व्या आठवड्यातला सोनोग्राफीचा अहवाल होता आणि त्यात गर्भाशयमुखाची लांबी ३६ मिलिमीटर, म्हणजे अगदी निर्धोक, नोंदवलेली होती. ती सोनोग्राफी पोटावरून, भरपूर पाणी पाजून, मूत्राशय भरलेले असताना झाली होती. भरलेले मूत्राशय गर्भाशयाच्या खालच्या भागाला पुढून दाबते, त्याच्या पुढच्या आणि मागच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि ते सगळे गर्भाशयमुख म्हणूनच मोजले जाते. गर्भाशयमुखाचे आतले, म्हणजे गर्भाशयाकडचे, द्वार उघडलेले असले तरी ते दिसत नाही. चार आठवड्यांनी ते बाळ गेले. अहवालातला तो आकडा पाहून घरचे सगळे निर्धास्त झाले होते, याचे मला आजही फार वाईट वाटते. जोखमीच्या रुग्णेत ही लांबी मूत्राशय रिकामे करूनच, योनीमार्गातून, प्रोबचा दाब पडू न देता मोजावी. तीन ते पाच मिनिटांत तीन मापे घ्यावीत आणि त्यांतले सर्वांत कमी माप ग्राह्य धरावे.

तपासणीत आणखी एक गोष्ट आढळली. दुसऱ्या खेपेस बाळ पायाळू होते आणि पूर्ण न उघडलेल्या तोंडातून ते बाहेर आले होते. त्या वेळी गर्भाशयमुख डाव्या बाजूला फाटले होते आणि ती चीर जवळजवळ योनीच्या घुमटापर्यंत गेलेली होती. ती तशीच भरून आली होती, त्यामुळे योनीत दिसणारा गर्भाशयमुखाचा भाग उजवीकडे पुरेसा लांब, पण डावीकडे जेमतेम एक सेंटिमीटर उरला होता. शस्त्रक्रियेची पद्धत पुढे या एका निरीक्षणाने ठरवली.

ताण कुठे येतो

गर्भाशय हा स्नायूंचा अवयव असला तरी गर्भाशयमुख मुख्यतः कोलॅजेनच्या तंतूंचे बनलेले असते. त्यातही वरच्या टोकाशी, आतल्या द्वाराजवळ, स्नायूंचे प्रमाण जास्त असते आणि खाली येताना ते घटत जाते. गरोदरपणाच्या मध्यावर त्याची लांबी साधारण ३५ ते ४० मिलिमीटर असते. त्याने मिटून राहायचे असते आणि आतल्या नलिकेत श्लेष्माचा दाट बूच धरून ठेवायचा असतो. हा बूच योनीतल्या जंतूंना वर चढू देत नाही. टाक्याविषयी बोलताना या दुसऱ्या कामाचा विसर पडतो, आणि माझ्या मते तेच काम अधिक महत्त्वाचे आहे.

रुग्णेच्या घरी टाक्याची कल्पना अशी होती की बटव्याची नाडी ओढावी तसे पिशवीचे तोंड आवळायचे, म्हणजे आतले वजन खाली पडणार नाही. ही कल्पना सर्वत्र आढळते. नाडी जितकी घट्ट तितका बटवा सुरक्षित, असे तिच्यातून आपोआप निघते. प्रत्यक्षात घट्टपणावर फार थोडे अवलंबून असते.

पाणमोटेतल्या द्रवाचा दाब सगळ्या दिशांना सारखा पडतो. आतल्या द्वारावर खालच्या दिशेने जे बल येते ते या दाबाला द्वाराच्या उघड्या क्षेत्रफळाने गुणल्यावर मिळते. समजण्यासाठी दाब २० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका धरू. द्वार ५ मिलिमीटर व्यासाचे असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.२ चौरस सेंटिमीटर होते आणि त्यावर जेमतेम ४ ग्रॅम वजनाइतके बल येते. तेच द्वार २० मिलिमीटर उघडले की क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर होते आणि बल ६३ ग्रॅमच्या आसपास जाते. व्यास चौपट, बल सोळापट, आणि दाब मात्र होता तेवढाच. शिवाय गोलाकार भिंतीवरचा ताण त्रिज्येबरोबर वाढतो आणि ताणलेली भिंत पातळ होत जाते. म्हणजे उघडण्याची क्रिया एकदा सुरू झाली की ती स्वतःच स्वतःला वेग देते. सोनोग्राफीत याची पहिली खूण आतल्या द्वाराशी दिसते: तिथे फनेलसारखा आकार तयार होतो, पाणमोट त्यात उतरते आणि खाली मिटलेल्या नलिकेची लांबी कमी होत जाते. बाहेरून बोटाने तपासणाऱ्याला या अवस्थेत काहीही कळत नाही.

टाक्याचे काम यावरून ठरते. भार जिथे प्रथम येतो तिथेच, म्हणजे आतल्या द्वाराच्या शक्य तितके जवळ, त्रिज्या वाढू न देणे हे ते काम. तिथे बसलेला टाका फारसे वजन उचलतच नाही, कारण द्वार मिटलेले असताना उचलण्याजोगे बल फार थोडे असते. टाका खाली, बाहेरच्या द्वारापासून सेंटिमीटरभर अंतरावर बसला तर फनेल त्याच्यापर्यंत मोकळेपणाने उघडत येते. तोवर त्रिज्या वाढलेली असते, बल कितीतरी पटींनी मोठे झालेले असते आणि ते सगळे एका पातळ, मऊ पडलेल्या ऊतीवर येते. मग गाठ कितीही पक्की असली तरी धागा ऊतीला कापत बाहेर येतो. टाक्याखाली मिटलेली नलिकाही पुरेशी उरत नाही, बूच टिकत नाही आणि जंतूंना वाट मोकळी होते.

गाठ अती आवळण्याचे नुकसान वेगळेच आहे. टाक्यातल्या ऊतीचा रक्तपुरवठा तुटतो, ती मृत होऊ लागते आणि त्या जागी टाका सैल पडतो. धाग्याच्या रुंदीचाही इथे संबंध येतो: ५ मिलिमीटर रुंदीची पॉलिएस्टरची पट्टी तोच ताण १ नंबरच्या, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक, धाग्याच्या तुलनेत दहापटींहून अधिक रुंदीवर पसरवते. उलटपक्षी, विणलेल्या पट्टीच्या फटींत जंतू घर करतात आणि एकेरी गुळगुळीत धाग्यावर ते कमी टिकतात, असा दावा बरीच वर्षे केला जात होता. ब्रिटनमध्ये २,०४९ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने हा वाद बराचसा मिटवला. गर्भ गमावण्याचे प्रमाण एकेरी धाग्याच्या गटात ८.० टक्के आणि विणलेल्या धाग्याच्या गटात ७.६ टक्के, म्हणजे व्यवहारात सारखेच, निघाले. धागा कोणता यावर आपण चर्चा फार करतो. तेवढेच लक्ष टाका किती उंचीवर बसला याकडे द्यावे, असे मला आग्रहाने म्हणायचे आहे.

टाका केव्हा घालायचा

तिसऱ्या महिन्यातच टाका घालून घ्यावा, असे घरच्यांचे म्हणणे होते आणि ते समजण्यासारखे होते. पण केवळ पूर्वेतिहासावरून घातलेल्या टाक्याचा फायदा सरसकट मोठा नसतो. १,२९२ स्त्रियांवरच्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ३३ आठवड्यांपूर्वीच्या प्रसूतीचे प्रमाण टाक्यामुळे १७ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आले; म्हणजे एक अकाली प्रसूती टाळण्यासाठी सुमारे २५ स्त्रियांना टाका घालावा लागला. स्पष्ट फायदा दिसला तो तीन किंवा अधिक वेळा असे घडलेल्या स्त्रियांत. दोन वेळा घडलेल्या स्त्रीबाबत अनुभवी डॉक्टरांतही मतभेद असतात, आणि तिला तिसऱ्या महिन्यात टाका घालणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही.

आम्ही दुसरा मार्ग निवडला. १४ व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी योनीमार्गातून सोनोग्राफी करायची, १६ व्या आठवड्यापासून रोज रात्री प्रोजेस्टेरॉनची २०० मिलिग्रॅमची गोळी योनीत ठेवायची आणि लांबी २५ मिलिमीटरच्या खाली गेली की लगेच टाका घालायचा, असे ठरले. अशा देखरेखीखालच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांची लांबी शेवटपर्यंत चांगली राहते आणि त्यांची शस्त्रक्रिया टळते. ज्यांची लांबी घटते त्यांना तेव्हा घातलेल्या टाक्याचा लाभ होतो: आधी अकाली प्रसूती झालेली आहे, पोटात एकच गर्भ आहे आणि लांबी २५ मिलिमीटरच्या खाली गेली आहे, अशा स्त्रियांवरच्या चाचण्यांचे २०११ साली केलेले एकत्रित विश्लेषण ३५ आठवड्यांपूर्वीची प्रसूती सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे दाखवते. हा निष्कर्ष जुळ्यांना लागू करू नये. जुळ्यांत केवळ लांबी कमी दिसली म्हणून घातलेला टाका उपकारक ठरल्याचे दिसलेले नाही.

या योजनेची एकच अट असते, ती म्हणजे तारीख चुकवायची नाही. सत्तरीच्या आतल्या गावातून फोंड्याला येणे हे एका दिवसाचे काम होते. तिचा नवरा बागायतीचे काम बाजूला ठेवून प्रत्येक वेळी सोबत आला आणि एकही तारीख चुकली नाही. हे न लिहिणे अन्यायाचे होईल, कारण पुढचे सारे त्याच्यावरच उभे आहे.

१४ व्या आठवड्यात लांबी ३४ मिलिमीटर होती, १६ व्या आठवड्यात २९. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, १८ आठवडे पूर्ण झाले तेव्हा, मिटलेली नलिका २१ मिलिमीटर आणि तिच्या वर १० मिलिमीटर खोल फनेल दिसले. पोटावर वरून १५ सेकंद हलका दाब दिल्यावर फनेल आणखी रुंदावले. तिला स्वतःला काहीच जाणवत नव्हते.

पद्धतीची निवड

तिला त्याच दिवशी दाखल केले. पांढऱ्या पेशी, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी), लघवीचे कल्चर आणि योनीतील स्रावाची तपासणी केली आणि रात्रभर कळांवर लक्ष ठेवले. चालू कळा, रक्तस्राव, फुटलेली पाणमोट किंवा आत शिरलेला संसर्ग असताना टाका घालणे म्हणजे बाहेर यायलाच हवे ते कोंडून ठेवणे आहे, आणि त्यात आईच्या जिवाला धोका असतो. यांपैकी काहीही नव्हते. गर्भात व्यंग नसल्याची खात्री १२ व्या आठवड्यातील सोनोग्राफी आणि आताची सोनोग्राफी यांवरून केली.

नेहमीच्या रुग्णेत मी मॅकडोनाल्ड पद्धतीचा टाका घातला असता. मेलबर्नचे इयन मॅकडोनाल्ड यांनी १९५७ साली ७० रुग्णांचा अनुभव मांडून ही पद्धत रूढ केली. त्वचा न कापता गर्भाशयमुखाभोवती चार-पाच ठिकाणी सुई घालत एकच धागा फिरवायचा, घड्याळाच्या तीन आणि नऊच्या जागी असलेल्या रक्तवाहिन्या टाळायच्या आणि गाठ बाराच्या जागी बांधायची, इतकी ती सुटसुटीत आहे. पण या पद्धतीत टाक्याची उंची योनीत दिसणाऱ्या भागावर अवलंबून असते, आणि या रुग्णेच्या डाव्या बाजूला तो भाग उरलेलाच नव्हता. तिथे टाका फाटलेल्या ओठाच्या टोकाशी बसला असता आणि डावीकडून फनेलला मोकळी वाट मिळाली असती.

म्हणून शिरोडकर पद्धत निवडली. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे मूळचे गोव्यातल्या फोंडा तालुक्यातील शिरोड्याचे, मुंबईत जे. जे. रुग्णालयात काम करताना त्यांनी ही शस्त्रक्रिया विकसित केली आणि १९५५ साली प्रसिद्ध केली. चौथ्या ते सातव्या महिन्यात पुनःपुन्हा गर्भ गमावणाऱ्या स्त्रियांत दोष आतल्या द्वाराशी असतो हे ओळखून, मूत्राशय वर सरकवून थेट त्या पातळीवर पोहोचायचे, हा त्यांचा विचार होता. सुरुवातीच्या काळात ते पट्टीसाठी रुग्णेच्याच मांडीतील फॅशिया, म्हणजे स्नायूंवरचे चिवट आवरण, वापरत. गर्भाशयमुखाचे इतके बारकाईने चित्रण करणारी सोनोग्राफी त्या काळी कुणाच्याही हाती नव्हती, तरी टाक्याची योग्य जागा त्यांना अचूक दिसली होती. १९७१ साली त्यांचे निधन झाले. ज्या तालुक्याने हा माणूस दिला त्याच तालुक्यात काम करताना त्यांचे नाव मी अभिमानाने घेतो.

पोटातून घालण्याचा टाका हा तिसरा पर्याय होता. तो आतल्या द्वाराच्या पातळीवर सर्वांत नेमका बसतो. योनीमार्गाने घातलेला टाका पूर्वी अयशस्वी ठरलेल्या स्त्रियांत ३२ आठवड्यांपूर्वीची प्रसूती पोटातून घातलेल्या टाक्यानंतर ८ टक्के, तर पुन्हा योनीतून खालच्या पातळीवर घातलेल्या टाक्यानंतर ३३ टक्के स्त्रियांत झाली, असे २०२० सालच्या ब्रिटिश चाचणीत दिसले. पण आमच्या रुग्णेला योनीमार्गातला टाका आजवर एकदाही घातला गेला नव्हता, आणि पोटातल्या टाक्यानंतर सिझेरियन अटळ असते. तो पुढच्या वेळेसाठी राखून ठेवला.

शस्त्रक्रिया

मणक्यातून भूल दिली आणि टेबल डोक्याकडे किंचित उतरते केले, म्हणजे पाणमोट थोडी वर जाते. मूत्राशय रिकामे केले. गर्भाशयमुख दातेरी चिमट्याने न धरता स्पंज धरण्याच्या फोर्सेप्सने धरले, कारण गरोदरपणात ते मऊ असते आणि लगेच रक्तस्राव होतो.

पुढच्या बाजूला, गर्भाशयमुख आणि योनीची त्वचा मिळतात तिथे, सलाइनचे इंजेक्शन देऊन थर वेगळे केले आणि सुमारे तीन सेंटिमीटरचा आडवा छेद घेतला. मूत्राशय बोटावर गुंडाळलेल्या गॉझने हळूहळू वर सारले. ही पायरी घाईने करू नये. थर बरोबर सापडला की मूत्राशय रक्ताचा थेंब न सांडता सरकते आणि चुकला की प्रत्येक मिलिमीटरला रक्त येते. डावीकडे, जुन्या चिरेच्या वणामुळे, ते सहज सरकेना. तिथे कात्रीच्या टोकाने वण थोडाथोडा मोकळा केला आणि डावी बाजू उजवीच्या पातळीला आली तेव्हाच पुढे गेलो. मागच्या बाजूला दीड सेंटिमीटरचा छेद पुरला.

मग प्रत्येक बाजूला एलिस फोर्सेप्सचे एक टोक पुढच्या आणि दुसरे मागच्या छेदात ठेवून रक्तवाहिन्यांचा गठ्ठा बाहेरच्या अंगाला धरून ठेवला आणि ५ मिलिमीटर रुंदीच्या पॉलिएस्टर पट्टीची सुई त्याच्या आतल्या बाजूने, गर्भाशयमुखाच्या ऊतीला धरून, मागून पुढे काढली. पट्टी मागे सपाट पसरली आहे, पीळ पडलेला नाही, हे बोट फिरवून पाहिले. पिळलेल्या पट्टीची रुंदी नाहीशी होते आणि ती दोरीसारखी कापू लागते. गुदमार्गातून बोटाने तपासून सुई आतड्याच्या भिंतीत गेलेली नाही याची खात्री केली.

गाठ पुढे बांधली. ती किती आवळायची याचे माप असे: आतल्या द्वारात बोटाचे टोक जाऊ नये, पण गर्भाशयमुखाचा गुलाबी रंग टिकून राहावा. ओठ पांढरा पडू लागला तर गाठ तिथल्या तिथे सैल करावी. पाच गाठी दिल्यावर पट्टीची टोके अडीच सेंटिमीटर लांब ठेवली आणि ती बाहेर राहतील अशा बेताने छेद विरघळणाऱ्या धाग्याने शिवला. टोके बाहेर ठेवल्याने स्राव थोडा वाढतो, पण टाका काढताना जो त्रास वाचतो त्यापुढे हे काहीच नाही. लघवी स्वच्छ होती. बाळाचे ठोके सोनोग्राफीवर पाहूनच तिला वॉर्डात पाठवले.

दुसऱ्या दिवशी योनीमार्गातून सोनोग्राफी केली. बाहेरच्या द्वारापासून टाक्यापर्यंत २० मिलिमीटर आणि टाक्याच्या वर मिटलेला भाग ८ मिलिमीटर असे माप मिळाले. फनेल मिटले होते. ही दोन मापे मी प्रत्येक टाक्यानंतर वेगवेगळी लिहून ठेवतो. नुसती एकूण लांबी लिहिली तर पुढच्या तपासणीत काय बदलले ते सांगता येत नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे आठवडे

घरी जाताना सासूबाईंनी सुनेला बजावले, "बाय, आता मूल होईपर्यंत खाटेवरून उठायचं नाही." खाटेच्या पायथ्याखाली घालायला विटाही काढून ठेवल्या होत्या. त्यामागची माया मला दिसत होती, पण त्यांना बसवून सांगावे लागले की सतत पडून राहण्याने टाका अधिक टिकतो असे सिद्ध झालेले नाही आणि पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मात्र वाढतो. काजूचा हंगाम तोंडावर होता. डोंगरउतारावर वाकून बोंडू वेचणे आणि पाट्या वाहणे बंद. घरातले चालणे, बसून स्वयंपाक करणे, अंघोळ, देवळात जाणे चालू, असे ठरले. शरीरसंबंध टाळायला सांगितले.

पाणी गेले, ताप आला, रक्त गेले किंवा ठरावीक अंतराने पोट आवळू लागले तर फोनची वाट न पाहता १०८ ला बोलवावे, असे कागदावर लिहून दिले. कळा जोरात चालू असताना टाका तसाच राहिला तर गर्भाशयमुख, प्रसंगी गर्भाशयही, फाटू शकते; म्हणून तो कुठल्याही प्रसूतिगृहात लगेच कापता यावा यासाठी गाठ बाराच्या जागी आहे आणि टोके बाहेर आहेत, हेही त्याच कागदावर लिहिले. फार अकाली प्रसूती झालीच तर नवजात अतिदक्षता विभागाची गरज लागणार होती, त्यामुळे अशा वेळी थेट बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जायचे हे आधीच ठरवून ठेवले.

२४ व्या आठवड्यात फनेल पुन्हा दिसले. टाक्याच्या वरचा भाग ८ वरून ३ मिलिमीटरवर आला होता. दुसरे बाळ गेले तो हाच आठवडा असल्याने ती सोनोग्राफीच्या टेबलावरच रडू लागली. मी तिला पडद्यावर टाक्याच्या खालचा भाग दाखवला: तो २० मिलिमीटर होता तसाच होता, नलिका मिटलेली होती आणि टाक्याचे दोन पांढरे ठिपके जागचे हललेले नव्हते. फनेल टाक्याच्या इतके जवळ येणे ही जोखीम वाढल्याची खूण आहे, ते मी तिच्यापासून लपवले नाही. मात्र टाका वर बसलेला असल्यामुळे फनेलला उघडायला जागा थोडी होती आणि त्याची रुंदी ६ मिलिमीटरपलीकडे गेली नाही. आधी मांडलेले गणित इथे पडद्यावर दिसत होते.

२६ व्या आठवड्यात एका रात्री पोट आवळू लागले. तिला बांबोळीला दाखल करून डेक्सामेथासोनची ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शने १२ तासांच्या अंतराने देण्यात आली, म्हणजे बाळ आधी जन्मलेच तर त्याची फुप्फुसे तयार असावीत. कळा थांबल्या. त्यानंतरचे आठवडे शांतपणे गेले. २८ व्या आठवड्यानंतर मी लांबी मोजणे थांबवले, कारण त्या आकड्याने आता कोणताही निर्णय बदलणार नव्हता आणि तिची धास्ती तेवढी वाढली असती.

टाका काढणे आणि प्रसूती

जूनच्या मध्यावर ३७ आठवडे पूर्ण होणार होते. पाऊस सुरू झालेला आणि सत्तरीतल्या वाळपईपलीकडचे रस्ते अशा दिवसांत बेभरवशाचे, म्हणून तिला दोन दिवस आधीच बोलावून घेतले. मॅकडोनाल्डचा टाका बहुधा भुलेशिवाय, बाह्यरुग्ण विभागातही काढता येतो. इथे पट्टीवर त्वचा आलेली असल्याने मणक्यातून थोडी भूल दिली. टोके चिमट्यात धरून खाली ओढल्यावर गाठीखाली पट्टीची एक बाजू दिसली. ती एकच बाजू कापायची असते. दोन्ही बाजू कापल्या तर गाठ हातात येते आणि पट्टीचा वेढा आतच राहतो. पट्टी अखंड निघाली, याची वेढा आणि गाठ मोजून खात्री केली. तोंड दोन सेंटिमीटर उघडलेले होते.

कळा ३८ व्या आठवड्यात आपोआप सुरू झाल्या. तोंड पाच सेंटिमीटरपर्यंत उघडून तिथे काही तास अडले. टाक्याच्या जागी वणाचे कडे बोटाला जाणवत होते. बाळाचे ठोके उत्तम असल्याने थांबलो, आणि ते कडे सुटल्यावर पुढची प्रसूती लवकर झाली. मुलगी, वजन २.७ किलो, लगेच रडली. प्रसूतीनंतर गर्भाशयमुख चारही बाजूंनी चिमट्याने धरून तपासले. डावीकडे जुन्या चिरेच्या टोकाशी एक सेंटिमीटरची नवी फाट होती, ती तिथेच शिवली.

डिस्चार्ज कार्डावर पुढील गरोदरपणासाठी हे लिहून दिले आहे: डाव्या बाजूला घुमटापर्यंत जुनी चीर; १८ व्या आठवड्यात शिरोडकर टाका, बाहेरच्या द्वारापासून २० मिलिमीटर उंचीवर, ५ मिलिमीटर पट्टी, गाठ बाराच्या जागी; २४ व्या आठवड्यात फनेल टाक्याच्या वर ३ मिलिमीटरपर्यंत; पट्टी ३७ व्या आठवड्यात अखंड काढली. पुढच्या वेळी लांबी घटण्याची वाट न पाहता १२ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा शिरोडकर टाका घालावा, आणि तो अपयशी ठरला तरच पोटातील टाक्याचा विचार करावा.